इंग्रजी उभी राहिली ती कशाच्या बळावर

मराठीच्या भवितव्याची चर्चा निघाली की इंग्रजीचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. एक बाजू म्हणते की इंग्रजीने दिसेल त्या भाषेतून शब्द उचलले म्हणूनच ती मोठी झाली, तेव्हा मराठीनेही शुद्धतेचा बाऊ करू नये. दुसरी बाजू म्हणते की इंग्रजीच्या पाठीशी साम्राज्य होते, आरमार होते, व्यापार होता. तिची बरोबरी आपल्याला सांगण्यात अर्थ नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोन्ही बाजू ज्या इंग्रजीकडे बोट दाखवतात ती गेल्या तीन-चार शतकांतली आहे. त्याआधीची हजार वर्षे या भाषेकडे साम्राज्य नव्हते. त्यातली जवळजवळ तीनशे वर्षे तर ती आपल्याच देशात हरलेल्यांची भाषा होती. मराठीला काही शिकायचे असेल तर ते या हजार वर्षांकडून, असे मला वाटते. त्या काळात शब्दांच्या उसनवारीने इंग्रजी तरली नाही आणि बुडालीही नाही. कायदा, शाळा, पत्रव्यवहार आणि हिशेब यांत तिला जागा मिळाली तेव्हा ती उभी राहिली. ती जागा गेली तेव्हा शतकानुशतके घडवलेली तिची लेखनपरंपरा तीन-चार पिढ्यांत विस्कटली.

या कहाणीची सुरुवात इंग्रजीच्या विजयाने होते आणि तो विजय दुसऱ्या एका भाषेचा पराभव होता, हे विसरून चालणार नाही. इ. स. ४१० च्या सुमारास रोमन सत्तेने ब्रिटनमधून हात काढून घेतला, तेव्हा बेटावरचे लोक केल्टिक कुळातली भाषा बोलत होते. पाचव्या शतकात उत्तर समुद्र ओलांडून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या आल्या. बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात त्यांच्या आगमनाचे वर्ष ४४९ दिले आहे. या टोळ्यांनी मूळ रहिवाशांना ‘वेआल्ह’, म्हणजे परका, असे नाव दिले. आजचे वेल्स, वेल्श आणि कॉर्नवॉल या नावाचा उत्तरार्ध हे सारे त्याच शब्दातून आले. जे आधीपासून राहत होते तेच परके ठरले. त्यांच्या भाषेतले मोजके शब्द इंग्रजीत टिकले आणि तेही प्रामुख्याने नद्या-डोंगरांच्या नावांत. एव्हन हे इंग्लंडमधल्या कित्येक नद्यांचे नाव मुळात ‘नदी’ या अर्थाचा केल्टिक शब्द आहे.

टोळ्यांची ही बोली लिखित भाषा झाली ती ५९७ नंतर. त्या वर्षी पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टीन केंटमध्ये उतरला आणि राजा एथेलबर्ट ख्रिस्ती झाला. धर्माबरोबर रोमन लिपी आली. युरोपच्या मुख्य भूमीवर फ्रँक, गॉथ, लोम्बार्ड अशा जर्मानिक राजांनी आपले कायदे लॅटिनमध्ये लिहवून घेतले. एथेलबर्टने मात्र ते आपल्या प्रजेच्या भाषेत लिहविले. इंग्रजीत रचलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना मजकूर हाच. त्यात काव्य नाही, तत्त्वज्ञान नाही. कोणी कोणाचा अंगठा तोडला तर २० शिलिंग द्यावेत, अंगठ्याचे नख गेले तर ३ शिलिंग द्यावेत, अशा भरपाईच्या दरांची ती यादी आहे. ज्याचा अंगठा गेला त्याला आणि ज्याने तो तोडला त्यालाही हा दर वाचून दाखवल्यावर कळत होता. भाषेच्या लिखित आयुष्याचा आरंभ इतक्या रोजच्या गरजेतून झाला, याचे महत्त्व मला फार वाटते.

पुढचा मोठा धक्का समुद्रावरूनच आला. ७९३ मध्ये उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. ८६५ मध्ये लुटीऐवजी जिंकण्यासाठी मोठे सैन्य उतरले आणि पुढच्या काही वर्षांत वेसेक्स वगळता बाकीची इंग्रजी राज्ये मोडली किंवा त्यांची मांडलिक झाली. ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने गुथ्रम या डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंग, सरदाराचा पराभव केला, तह झाला, आणि देशाचा उत्तर व पूर्व भाग डेन लोकांच्या अमलाखाली राहिला. तिथे दोन्ही लोक शेजारी राहिले, त्यांच्यात सोयरिकी झाल्या. व्हिटबी, डर्बी, ग्रिम्सबी या नावांतला ‘बी’ म्हणजे डेन लोकांचे गाव किंवा वाडी. इंग्रजीतले अंडे, आकाश, सुरी, खिडकी आणि नवरा यांचे रोजचे शब्द नॉर्स, म्हणजे या व्हायकिंगांच्या, भाषेतले आहेत. ‘लॉ’ हा शब्दही तिथलाच.

यापेक्षा खोलवर गेलेली उसनवारी सर्वनामाची आहे. ‘ते’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘दे’ आणि त्याची रूपे नॉर्समधून आली. भाषा नामे उसनी घेतात, क्रियापदेही घेतात. सर्वनाम सहसा घेत नाहीत. मराठीने फारसी-अरबीतून हजारो शब्द घेतले तरी मी, तू, आम्ही, तुम्ही घरचेच राहिले. जुन्या इंग्रजीत ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ यांची रूपे उच्चारात एकमेकांच्या इतकी जवळ आली होती की शेजाऱ्याचे वेगळे रूप सोयीचे वाटले असावे. नामांचे विभक्तिप्रत्ययही याच काळात झपाट्याने झिजू लागले. पहिल्या अक्षरावर जोर देण्याच्या सवयीमुळे ते आधीच पुसट झाले होते. त्यात दोन्ही भाषांत धातू सारखा आणि प्रत्यय वेगळा, अशा शब्दांत बाजारहाट करणाऱ्यांनी धातू ठेवला आणि प्रत्ययाची फिकीर सोडली, असे अनेक अभ्यासक मानतात. शुद्धतेच्या कोणत्याही कसोटीवर ही मोडतोडच ठरेल. इंग्रजी त्याने दुबळी झाली असे मात्र कोणी दाखवून देऊ शकणार नाही.

या काळाचा नायक आल्फ्रेड आहे, पण माझ्या दृष्टीने लढाईमुळे नव्हे. पोप ग्रेगरीच्या एका ग्रंथाचे त्याने ८९० च्या सुमारास इंग्रजीत भाषांतर केले. त्याला जोडलेल्या पत्रात तो लिहितो की हंबर नदीच्या दक्षिणेला उपासनेतल्या शब्दांचा अर्थ कळणारे किंवा लॅटिनमधले पत्र इंग्रजीत आणू शकणारे फार थोडे उरले होते, आणि थेम्सच्या दक्षिणेला तर आपण गादीवर आलो तेव्हा असा एकही माणूस आपल्याला आठवत नाही. मठ जळाले होते, ग्रंथ गेले होते. अशा स्थितीत दुसऱ्या एखाद्या राजाने पुन्हा लॅटिनच्या पाठशाळा उघडल्या असत्या आणि त्यावर समाधान मानले असते. आल्फ्रेडने क्रम उलटा केला. स्वतंत्र कुळातल्या आणि ऐपत असलेल्या सर्व मुलांना दुसऱ्या कोणत्याही कामाला जुंपण्याआधी इंग्रजी लेखन नीट वाचता येईपर्यंत शिकवावे, आणि ज्यांना वरच्या पदावर न्यायचे असेल त्यांना त्यानंतर लॅटिन शिकवावे, अशी त्याची योजना होती. प्रत्येक धर्मपीठाला त्याने या ग्रंथाची प्रत पाठवली आणि तिच्याबरोबर ५० मॅन्कस (त्या काळचे एक परिमाण) सोन्याच्या किमतीची एक वस्तू, बहुधा वाचताना ओळीवर ठेवायची दर्शिका. ती ग्रंथापासून कोणी वेगळी करू नये, असे पत्रात बजावलेले आहे.

वूस्टरला गेलेली प्रत आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्याच गावातल्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात १६९३ मध्ये सॉमरसेट परगण्यात सापडलेला एक दागिना आहे. लांबीला जेमतेम अडीच इंच, थेंबाच्या आकाराचा, स्फटिकाखाली मिन्याची मानवी आकृती, टोकाला एका प्राण्याचे तोंड, आणि त्या तोंडात एखादी बारीक काडी बसवण्यासाठी पोकळ नळी. कडेभोवती सोन्याच्या जाळीत अक्षरे कोरलेली आहेत: ‘आल्फ्रेडने मला घडवून घेतले’. त्या नळीतली काडीच ओळीवरून फिरत असणार, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. राजा सोने खर्च करतो आहे ते लॅटिन न येणाऱ्या वाचकाचे बोट ओळीवर राहावे म्हणून, आणि वस्तूवरचा लेखही इंग्रजीतच आहे. भाषेवरचे प्रेम व्यक्त करणारे लेख अनेक राजांनी कोरवून घेतले. वाचनाच्या साधनावर इतका खर्च करणारा राजा मला दुसरा ठाऊक नाही. त्याच्या दरबारात सुरू झालेली इंग्रजी बखर पुढे वेगवेगळ्या मठांत वर्षानुवर्षे लिहिली गेली, आणि पुढच्या दीडशे वर्षांत इंग्रजीचे एक सर्वमान्य लेखी रूप तयार झाले. १०१६ मध्ये गादीवर आलेल्या क्नूट या डेन राजानेही आपले कायदे इंग्रजीतच काढले.

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जजवळ हे सारे एका दिवसात संपले, असे सांगण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात फ्रान्सच्या नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या, फ्रेंच बोलणाऱ्या विल्यमची सुरुवातीची फर्माने इंग्रजीतच निघत होती. साधारण १०७० पासून त्यांची जागा लॅटिनने घेतली. १०८६ च्या जमीन पाहणीचे महादप्तर लॅटिनमध्ये आहे. सरदार, बिशप, मठाधिपती एकेक करून नॉर्मन आले. सामान्य माणसाच्या तोंडची भाषा कोणी काढून घेतली नव्हती. शेतावर, चुलीपाशी, बाजारात इंग्रजीच होती. गेले ते लेखनिकांचे शिक्षण, आणि तेवढ्याने काय होते ते पीटरबरोच्या मठातल्या बखरीत डोळ्यांनी पाहता येते. १११६ च्या आगीत तिथला मठ जळाला. मठवाशांनी ११२१ च्या सुमारास दुसरीकडची बखर आणून नकलून घेतली. नकललेला भाग जुन्या प्रमाण इंग्रजीत आहे. शेवटच्या, ११३२ ते ११५४ च्या नोंदी ज्याने लिहिल्या त्याला ती प्रमाण भाषा येत नाही. लिंगभेद सुटले आहेत, प्रत्यय ढासळले आहेत, तो आपल्या परगण्यात जसे बोलतात तसे लिहितो. स्टीफन राजाच्या काळातल्या अंदाधुंदीबद्दल तो म्हणतो की ख्रिस्त आणि त्याचे संत झोपले आहेत असे लोक उघड बोलत होते. लेखन जिवंत आहे, मन हलवणारे आहे. तरी ११५४ नंतर ही बखर थांबते. बोलणारे लाखो असूनही त्या भाषेत वर्षाच्या घडामोडी टिपून ठेवणे कोणाचे काम राहिले नाही.

इंग्रजी परत कशी आली, याचे उत्तर घटनांच्या एका साखळीत आहे. १२०४ मध्ये जॉन राजाने नॉर्मंडी गमावली आणि दोन्हीकडे जमिनी असलेल्या सरदारांना एक बाजू निवडावी लागली. पण शाळा त्यानंतरही शंभर-दीडशे वर्षे फ्रेंचमध्येच चालल्या. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिग्डन नावाच्या मठवासी लेखकाने तक्रार केली आहे की इतर सर्व राष्ट्रांच्या रिवाजाविरुद्ध इथल्या मुलांना स्वतःची भाषा सोडून फ्रेंचमध्ये धडे समजून घ्यावे लागतात, सरदारांच्या मुलांना पाळण्यात असल्यापासून फ्रेंच शिकवतात, आणि गावाकडची माणसेही सरदारांसारखे दिसावे, आपल्याला चारचौघांत मान मिळावा म्हणून फ्रेंच बोलण्याची धडपड करतात. मराठी वाचकाला यावर भाष्य नको.

१३४८ मध्ये प्लेगची महामारी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरली आणि तिने देशाची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या नेली. मठांत आणि शाळांत जुन्या पद्धतीने शिकलेले लोक मोठ्या संख्येने गेले. उरलेल्या मजुरांची किंमत वाढली. हिग्डनच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करताना जॉन ट्रेव्हिसा याने त्या तक्रारीपाशी थांबून १३८५ मध्ये स्वतःची टीप घातली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या महामारीनंतर जॉन कॉर्नवॉल नावाच्या शिक्षकाने व्याकरणाचे अध्यापन फ्रेंचऐवजी इंग्रजीतून सुरू केले, रिचर्ड पेंक्रिचने ती रीत त्याच्याकडून घेतली, आणि आता इंग्लंडमधल्या सर्व शाळांत मुले इंग्रजीतून शिकतात. ट्रेव्हिसाने फायदा आणि तोटा दोन्ही सांगितले आहेत. फायदा असा की मुले व्याकरण पूर्वीपेक्षा कमी वेळात शिकतात. तोटा असा की त्यांना फ्रेंच त्यांच्या डाव्या टाचेला येते तितकीच येते, आणि समुद्रापार जायची वेळ आली तर त्यांचे अडेल. माध्यमाच्या वादात आज जे युक्तिवाद होतात ते दोन्ही इथे सहाशे वर्षांपूर्वी सचोटीने मांडलेले आहेत, आणि तोटा ठाऊक असूनही इंग्लंड मागे फिरले नाही.

न्यायालयाचे दार १३६२ मध्ये उघडले. त्या वर्षीच्या कायद्यात म्हटले आहे की फ्रेंच भाषा राज्यात फारशी कोणाला कळत नाही, त्यामुळे वकील आपल्या बाजूने किंवा विरुद्ध काय बोलले ते पक्षकारांना समजत नाही. म्हणून यापुढे वाद इंग्रजीत चालावेत आणि नोंद लॅटिनमध्ये व्हावी. हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे, कारण कायदा लिहिण्याची इंग्रजी अजून तयारच नव्हती. भाषा आधी समर्थ होऊ द्या, मग तिला काम द्या, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. काम आधी आले आणि सामर्थ्य नंतर. १४१७ पासून पाचवा हेन्री फ्रान्सच्या मोहिमेवरून मायदेशी पत्रे पाठवू लागला ती इंग्रजीत. १४२२ मध्ये लंडनच्या बिअर गाळणाऱ्यांच्या संघाने आपले दप्तर इंग्रजीत ठेवण्याचा ठराव केला आणि कारण नोंदवले: राजा स्वतः आपली पत्रे या भाषेत लिहितो, आणि आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना इंग्रजी लिहिता-वाचता येते, लॅटिन आणि फ्रेंच मुळीच समजत नाही. राजाने पायंडा पाडला आणि धंदेवाल्यांनी तो उचलला. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हा त्याच्या हाती आलेली इंग्रजी या साठ वर्षांत कारकुनांच्या हाताखालून गेलेली होती.

आता उसनवारीकडे वळतो. मध्ययुगात इंग्रजीने फ्रेंचमधून हजारो शब्द घेतले. हे शब्द विजेत्यांनी हेस्टिंग्जनंतर लगेच लादले, अशी समजूत आहे. लिखित पुरावा वेगळे सांगतो. पहिल्या दीडशे वर्षांत आलेले शब्द तुलनेने थोडे आहेत. लोंढा येतो तो साधारण १२५० ते १४०० या काळात, म्हणजे वरचे वर्ग फ्रेंच सोडून इंग्रजीकडे वळत होते आणि न्याय, शासन, शिक्षण यांची कामे तिच्या अंगावर येत होती तेव्हा. ज्यांना ही कामे करायची होती त्यांनी सवयीचे शब्द बरोबर आणले. इंग्रजी दबलेली होती तेव्हा ती बरीच निर्भेळ होती, आणि वर आली तेव्हा मिश्र झाली. यावरून मिसळ हे उन्नतीचे कारण ठरत नाही. पण परक्या शब्दांची संख्या हे भाषेच्या ऱ्हासाचे माप आहे, ही समजूत मात्र टिकत नाही.

मराठीचा अनुभव याला जुळणारा आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्या पर्यायांतले पुष्कळ रुजले नाहीत. आपण आजही वकील, कायदा, हुकूम, जमीन, दप्तर हेच म्हणतो. पण त्या कोशामागची इच्छा, म्हणजे राज्याचा कारभार आपल्या भाषेत चालावा ही, पुरी झाली आणि पेशवाईच्या अखेरीपर्यंतचे मोडी कागद तिची साक्ष देतात. आज आपण नेमके उलटे करतो. दुकानाच्या पाटीवरचे, वर्तमानपत्रातले इंग्रजी शब्द मोजून हळहळतो, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेल्या अभिजात दर्जाचा आनंद साजरा करतो, आणि उच्च न्यायालयात आपल्या जमिनीचा वाद चालू असताना वकील काय बोलत आहेत ते शेतकऱ्याला कळत नाही, ही गोष्ट स्वाभाविक मानतो. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याची भाषा उच्च न्यायालयाच्या कामकाजात आणण्याची वाट आहे; राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांना हिंदीसाठी ती मिळाली. महाराष्ट्राने ती मागावी, आणि शब्दसंपदा तयार होण्याची वाट पाहत थांबू नये. १३६२ चे इंग्लंड थांबले नव्हते.

कामावरून भाषेचे भवितव्य ठरते याचा पडताळा त्याच बेटावर मिळतो, आणि तो इंग्रजीला भूषणावह नाही. आपल्याविरुद्ध काय बोलले जाते ते लोकांना कळत नाही, अशी कळकळ व्यक्त करणाऱ्या राज्याने १५३६ मध्ये वेल्सच्या न्यायालयांत फक्त इंग्रजी चालेल आणि इंग्रजी न वापरणाऱ्याला कोणतेही पद मिळणार नाही असा कायदा केला. वेल्शचे न्यायालय गेले, पण चर्च राहिले: १५६३ मध्ये संसदेनेच बायबलच्या वेल्श भाषांतराचा आदेश दिला आणि विल्यम मॉर्गनचे संपूर्ण बायबल १५८८ मध्ये छापून आले. गावोगावच्या चर्चमध्ये दर रविवारी ते वाचले गेले आणि वेल्श आजही बोलली जाते. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये १५४९ साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादले गेले तेव्हा तिथल्या लोकांनी बंड केले. आमच्यापैकी काहींना इंग्रजी समजत नाही आणि ही नवी इंग्रजी आम्ही साफ नाकारतो, असे त्यांनी आपल्या मागण्यांत लिहिले. बंड चिरडले गेले, हजारो माणसे मारली गेली. कॉर्निश भाषेत त्या काळात ना बायबल छापले गेले, ना प्रार्थनापुस्तक, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती घरातही कोणी बोलेनासे झाले.